काका जेवले

मांजरं उडतात याबद्दल मद्रासमध्ये कोणाची तक्रार नव्हती. तक्रार असायची ती त्यांच्या उतरण्याबद्दल. वर जाताना मांजराला काही सुचत नाही, आणि खाली यायची वेळ आली की नको ते सगळं सुचतं. झाडावर अडकलेली मांजरं कुठल्याही गावात असतात. आमच्या तिरुवल्लिकेणीत ती नारळाच्या शेंड्याच्याही वर, कशालाच न टेकता अडकलेली असत, आणि खाली गल्लीत त्यांची मालकीण बशी वाजवत उभी असे.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे, त्यामुळे मांजरं उडतात कशी, हे लोक मला हमखास विचारत. मला ते माहीत नव्हतं आणि मी तसं सांगत असे. पंख नाहीत, हवेच्या पिशव्या नाहीत, हाडंही पक्ष्यांसारखी पोकळ नाहीत. एकदा प्रयोगशाळेत आम्ही एका मांजराला काट्यावर बसवून समोर दुधाची वाटी धरली होती. वाटी जवळ आणली की मांजराचं वजन कमी होई, लांब नेली की पुन्हा भरे. पदार्थविज्ञानाच्या बाईंना आम्ही मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी तो प्रकार पाहिला, चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि हा प्राणिशास्त्राचा प्रश्न आहे असं सांगून निघून गेल्या.

एवढं मात्र खरं, की सगळं आकाश मिळूनही मांजराने त्याचा उपयोग कपाटावर चढायलाच केला. कोणी दूरदेशी गेलं नाही. शेजारच्या स्वयंपाकघरापर्यंत जायचं आणि यायचं. टीव्हीच्या अँटेनावर ती बसत, त्यामुळे रविवारचा सिनेमा ऐन मारामारीत तिरका होई. उन्हाळ्यात पंख्याच्या पात्यावर झोपत, त्यामुळे बटण दाबण्याआधी वर पाहायची सवय सगळ्या घरांना लागली होती. कुत्र्यांनी काही दिवस वर बघून भुंकून घेतलं आणि मान दुखायला लागल्यावर तो नाद सोडला.

अपशकुनाचा प्रश्न जरा जास्त दिवस चालला. डोक्यावरून गेलेलं मांजर आडवं गेलं म्हणायचं का? देवळाच्या मंडपात वडीलधाऱ्यांच्या बैठकी झाल्या आणि ठरलं असं, की मांजराची सावली वाटेवर आडवी पडली तरच अपशकुन. मग महत्त्वाच्या कामाला लोक ढगाळ दिवशी बाहेर पडू लागले. मद्रासला ढग येतात ते नोव्हेंबरात, त्यामुळे नोकरीच्या मुलाखती, लग्नाची बोलणी आणि दात काढून घेणं, सगळं त्या एका महिन्यात येऊन साचलं.

झोपलेलं मांजर खाली पडत नसे. होतं तिथेच तरंगत राही. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की आमच्याकडची झोपलेली मांजरं हळूहळू पश्चिमेला वाहत जात आणि संध्याकाळी अण्णा नगरात कोणाच्या तरी नव्याकोऱ्या बाल्कनीत जागी होत. पहाटे जमिनीवरचा वारा समुद्राकडे वाहू लागला की परत येत. काही मांजरांना अण्णा नगर आवडलं, ती आली नाहीत. म्हणून मग ज्याला आपलं मांजर हवं असेल तो त्याला केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने गच्चीच्या कठड्याला बांधून ठेवू लागला. दुपारी गल्लीत उभं राहून वर पाहिलं तर घरोघरचे पतंग एका जागी स्थिर उभे असावेत तसं दिसे.

या सगळ्यात हाल झाले ते कावळ्यांचे. सुरुवातीला त्यांनी झुंडीने मांजरांवर हल्ले केले. मांजरांनी ते मनावर घेतलं नाही. ती कावळ्यांच्या घरट्यात जाऊन बसली आणि तिथेच अंग चाटू लागली. तेव्हा कावळ्यांनी काय ते ओळखलं आणि ते सगळेच्या सगळे अड्यारच्या झाडीत निघून गेले. तिरुवल्लिकेणीत कावळा दिसेनासा झाला.

हे आमच्या घराला फार जाचक होतं. माझं सासर तंजावरकडचं मराठी. कित्येक पिढ्या तिकडे काढल्यामुळे त्यांच्या मराठीत जुने शब्द तसेच राहिले आहेत आणि वर तमिळ येऊन बसलं आहे. कावळ्याला ते तमिळ लोकांसारखं काक्का म्हणतात, आणि चुलत्याला चित्तप्पा. रोज जेवणाआधी गच्चीवर मूठभर भात ठेवून "का… का…" अशी हाक मारायची आणि काक्काने चोच लावली की मग आपण जेवायचं, ही अम्मांची, म्हणजे माझ्या सासूबाई कृष्णवेणींची, आयुष्यभराची रीत होती. कावळे गेल्यापासून अम्मा भात ठेवत, हाक मारत, थोडा वेळ वाट पाहत आणि मग चोरी केल्यासारख्या जेवत.

त्यातून अम्मांनी मांजर पाळलं होतं. पाळलं म्हणजे, मामंजी गेले त्यानंतर काही दिवसांनी ते स्वयंपाकघराच्या झरोक्यातून आत आलं आणि अम्मांच्या खांद्याच्या उंचीवर थांबलं. पिवळा, रुंद तोंडाचा बोका होता. अम्मांनी त्याचं नाव रंगा ठेवलं. मामंजींच्या पाठी अम्मांनी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. व्यंकटशी, म्हणजे माझ्या नवऱ्याशी, आणि माझ्याशी त्या कामापुरतं बोलत. रंगाशी मात्र दिवसभर बोलत. डाळ निवडताना, वाती वळताना, बाजारात भाव ऐकून आल्यावर. रंगा त्यांच्या डाव्या खांद्याशी तरंगत मागोमाग जाई आणि मधून मधून डोळे मिटे. एकदा मी कॉलेजातून लवकर आले तर स्वयंपाकघरातून अम्मांच्या हसण्याचा आवाज आला. मी जिन्यातच थांबले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

मामंजींचं वर्षश्राद्ध आलं आणि आदल्या दिवशी तंजावरहून सकवारबाई आल्या. ह्या मामंजींच्या पाठच्या बहीण, पण वयाने अम्मांहून मोठ्या, आमच्या आत्या. अंगाने भरभक्कम, गुडघे दुखरे, आणि मत एकदा झालं की झालं. त्या आत आल्या तेव्हा रंगा दिव्याच्या वायरशेजारी पाठीवर झोपलेला होता.

"हें काय?" आत्यांनी विचारलं.

"मांजर," व्यंकट म्हणाला.

"मज दिसतं. घरांत कां?"

व्यंकट बँकेत काम करतो आणि समोर जो कोणी असेल त्याचं पटतं असा चेहरा करणं त्याला फार छान जमतं. तो तसाच चेहरा करून उभा राहिला.

"अम्मांचं आहे," मी म्हणाले.

आत्यांनी मोठी वेताची टोपली खाली ठेवली आणि अम्मांकडे वळल्या. "कृष्णवेणी, काक्का येतो का तुझ्या गच्चीवर?"

"येत नाही, वन्सं. गल्लींतच येत नाही."

"कसा येईल? वर पाहावं तर मांजर. उद्यां दादाचं वर्षाचं पान वाढायचं, आणि काक्का शिवला नाही तर दादा उपाशी जाईल. हें जालं तर मी सांगून ठेवते, परवा गाडीस बसतांना या टोपलींत हें मांजर घालून घेऊन जाईन. आमची भाताची कोठी मोठी. राहील तेथें."

"सरि," अम्मा म्हणाल्या. म्हणजे बरं. पण संध्याकाळी त्यांनी रंगाचा दोरा सोडून नवा बांधला, आणि तो आधीच्यापेक्षा आखूड होता. रात्रीच्या स्वयंपाकाला त्या रंगाशीही बोलल्या नाहीत.

आता खालच्या बिऱ्हाडकरूबद्दल सांगायला हवं. तळमजल्याची पुढची खोली आम्ही शरदचंद्र मोघ्यांना दिली होती. साताऱ्याकडचे. रेल्वेच्या हिशेब कचेरीत बदली होऊन आलेले, बायकामुलं तिकडेच. सभ्य, थोडे भित्रे, केस पिकत चाललेले. मी त्यांना काका म्हणत असे, माहेरकडे कोणालाही म्हणावं तसं. त्यावरून गल्लीतली पोरंही म्हणू लागली आणि म्हणताना लोळून हसू लागली, कारण त्यांच्या दृष्टीने मी एका चष्मेवाल्या गृहस्थाला रोज सकाळी "कावळा, चहा घेणार का?" असं विचारत होते. काका मेसमध्ये जेवत. मेसबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. फक्त आमच्या फोडणीचा वास आला की जिन्यापाशी येऊन, आज हवा कशी आहे, असं विचारत.

आत्या आल्या त्याच संध्याकाळी व्यंकट मोघेकाकांना जिन्यात भेटला आणि सवयीने म्हणाला, "उद्या आमच्याकडेच जेवा काका. हाक मारतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाध्यार आले. वाध्यार म्हणजे आमचे तमिळ भटजी. त्यांना नंतर मैलापूरला आणखी एका घरी जायचं होतं, आणि हे त्यांनी आल्या आल्याच सांगितलं. विधी पार पडले. आता पान वर न्यायचं होतं.

कावळ्याला एरवी भाताचा गोळा ठेवतात. पण आत्यांचं म्हणणं पडलं की पहिल्या वर्षाचं आहे, दादाला अर्धं पान वाढायचं नाही. त्यांना गच्चीचा जिना चढवत नव्हता. त्या पहिल्या मजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची घेऊन बसल्या आणि तिथून एकेक हुकूम वर पाठवू लागल्या. पूर्ण केळीचं पान. भात, आमटी, दोन भाज्या, कारल्याची परतून भाजी, वडे, खीर. पानापुढे तांब्याभांडं.

"आणि पाट मांड," त्यांनी खालून सांगितलं. "दादा पाटाशिवाय कधी बसला नाही."

"कावळा पाटावर बसेल का, आत्या?" मी विचारलं.

"तो बसो न बसो. आपण मांडावा."

पाट मांडला. रंगाला अम्मांनी कोठीच्या खोलीत तांदळाच्या पिंपाला बांधून कडी लावली होती. व्यंकट कठड्याशी उभा राहून "का… का…" अशी हाक घालू लागला, आणि हाकेसरशी चहूबाजूंनी मांजरं आली. ती हाक म्हणजे भात, हे गल्लीतल्या सगळ्या मांजरांना माहीत होतं. शेजारच्यांची काळी, कोपऱ्यावरच्या शिंप्याची पांढरी, समोरच्या लॉजमधली एका कानाची. पाय पोटाशी घेऊन, अजिबात घाई न करता, ती पानाच्या वर येऊन थांबली. व्यंकटने बादलीतलं पाणी भांड्याभांड्याने वर उडवून त्यांना पांगवलं. त्यातलं बरंचसं वाध्यारांवर पडलं.

"वरून पान दिसतं म्हणून येतात," मी म्हणाले. "झाकायला हवं."

व्यंकटने काळी छत्री आणली आणि कपडे वाळत घालायच्या तारेला उघडी बांधली. पान आणि पाट तिच्या सावलीत छान झाकले गेले. मांजरं थोडा वेळ घिरट्या घालून दुसऱ्या गच्च्यांकडे वळली.

कावळा मात्र येईना.

वाध्यारांनी घड्याळ पाहिलं. "माणसं दिसली तर काक्का येणार नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "सगळ्यांनी टाकीच्या मागे चला. तोंड तिकडे करा. कोणी पाहू नका. आणि हाक गोड मारा. तुम्ही वसुलीला आल्यासारखी मारता."

आम्ही चौघं पाण्याच्या टाकीमागे गेलो. टाकी तापलेली होती. व्यंकटने आवाज मऊ केला. मी त्याच्या सुरात सूर मिळवला. मग अम्माही हाक मारू लागल्या, आणि त्यांचा आवाज मधेच जरा हलला. मामंजींसाठी हलला का रंगासाठी, हे मला सांगता येणार नाही.

"का… का… का… का…"

बराच वेळ गेला. मग छत्रीच्या बाजूने पान हलल्याचा आवाज झाला.

वाध्यारांनी बोट ओठावर ठेवलं. अम्मांनी माझा दंड धरला. पानावर काहीतरी चाललं होतं, निश्चित. वडा मोडल्याचा आवाज आला. मग खीर ओरपल्याचा.

"मोठा कावळा आहे," व्यंकट कुजबुजला.

"रानकावळा असणार," वाध्यार कुजबुजले.

रानकावळा खीर ओरपत नाही, हे मला माहीत होतं. कुठलाच कावळा ओरपत नाही. चोचीला ओठ नसतात. मी हे त्यांना सांगणार, एवढ्यात छत्रीकडून संकोचलेला आवाज आला.

"वहिनी, थोडं ताक मिळेल का?"

आम्ही टाकीमागून बाहेर आलो. पाटावर मोघेकाका बसले होते. अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, कपाळाला गंध लावून. पान जवळजवळ संपत आलं होतं. मागच्या अंगाच्या लोखंडी जिन्याने ते वर आले होते. त्या जिन्याचं दार थेट गच्चीवर उघडतं.

काका एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले.

"मी किती वेळ ऐकत होतो," ते म्हणाले. "एवढ्या आपुलकीने हाका येताहेत आणि आपण बसून राहायचं, हे बरं दिसेना. वर आलो तर पान वाढलेलं, पाट मांडलेला, उन्हाला छत्रीसुद्धा. माणूस कोणी नाही आणि हाका चालूच. मला वाटलं, तुमच्याकडची पद्धत असेल. यजमान समोर असला की पाहुणा लाजतो, म्हणून आड उभं राहत असतील." ते थांबले. "चुकलं का माझं काही?"

"नाही," अम्मा म्हणाल्या. "बसा. ताक आणते." पण त्या जागच्या हलल्या नाहीत, कारण तेवढ्यात जिन्याखालून आत्यांचा आवाज आला.

"विद्ये. काक्का आला का?"

व्यंकट टाकीच्या झाकणाकडे पाहू लागला. वाध्यार उपरणं पिळू लागले. अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येत नाही, चेहरा लाल होतो आणि जीभ अडखळते. पण डोळ्यांना जे दिसलं ते सांगायला काहीच हरकत नव्हती.

"काका आले, आत्या."

"पान शिवलं?"

"जेवले."

"काय म्हणालीस?"

"जेवले," मी म्हणाले. काकांना मी ‘जेवला’ कसं म्हणणार?

"ऐक, ऐक," आत्या खाली कोणाला तरी सांगत होत्या, बहुधा भिंतीला. "कॉलेजांत शिकवते, तरी तिला कळलं. आज ‘जेवला’ म्हणायचं नाही. आज तो काक्का नव्हे, दादा." मग त्यांनी आवाज चढवला. "कोणीकडून आले?"

"खालून."

"खालून? दक्षिणेकडून?"

मागचा जिना घराच्या कुठल्या अंगाला येतो याचा मी विचार केला. "हो. दक्षिणेकडूनच."

"अय्यो, दादा," आत्या म्हणाल्या. पितरांची दिशा तीच. "एकलेच आले?"

"एकटेच."

"मानेपाशी काळे का करडे?"

काकांनी नकळत मानेवरून हात फिरवला. "करडे," मी म्हणाले.

"काय काय खाल्लं?"

"भात सगळा. वडे, खीर, एक भाजी. कारल्याला हात लावला नाही."

हात म्हटलं ते चुकलं होतं, पण आत्यांच्या ते लक्षात आलं नाही. खालून नाक ओढल्याचा आवाज आला. "दादाने जन्मांत कधी कारलें खाल्लं नाही. आणि?"

"ताक मागितलं," मी म्हणाले. हे सांगायची गरज नव्हती. पण त्यांनी विचारलं होतं.

वाध्यार पुढे झाले आणि जिन्यातून खाली म्हणाले, "साप्टाच्चु अम्मा, साप्टाच्चु." म्हणजे जेवणं झालं. ‘साप्टाच्चु’च्या आधी ते तोंडातल्या तोंडात एक शब्द म्हणाले; तो काक्का होता की काका, ते मला नीट ऐकू आलं नाही. नंतर ते ओल्या उपरण्यानिशीच मैलापूरला गेले.

काका ताक पिऊन मागच्या जिन्याने खाली आपल्या खोलीत गेले. आम्ही खाली आलो. आत्यांचे डोळे ओले होते आणि चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. त्यांनी अम्मांचा हात धरला. "आता मांजराचें काय तें तूंच पाहा," त्या म्हणाल्या. अम्मांनी कोठीच्या खोलीची कडी काढली. रंगा छताला टेकून बसला होता. तो येऊन त्यांच्या डाव्या खांद्याशी थांबला.

इथे हे मिटलं असतं. पण पानं मांडताना आत्यांना आठवलं.

"व्यंकटा, खालच्या त्या महाराष्ट्रातल्यांस जेवायला बोलावतो म्हणालास ना काल? बोलाव. आज कोणी उपाशी राहायचं नाही."

"त्यांचं झालं असेल," व्यंकट म्हणाला.

"कोठें होईल? मेसमध्यें? बोलाव."

त्याला नाही म्हणता येईना. काका आले. आत्यांनी त्यांना आपल्यासमोर बसवलं आणि स्वतः वाढायला उभ्या राहिल्या, दुखऱ्या गुडघ्यांनिशी. काकांनी भाताचे चार घास इकडेतिकडे केले.

"संकोच करूं नका," आत्या म्हणाल्या.

"संकोच नाही, आत्याबाई."

"मग जेवा की. वडा घ्या."

"वडे उत्तमच आहेत. पण वर पोटभर झालंय माझं," काका म्हणाले. "छत्रीखाली."

व्यंकटला ठसका लागला. अम्मांच्या हातात रंगाचा दोरा होता. तो त्यांनी बोटाभोवती एकदा गुंडाळला, मग पुन्हा एकदा. रंगा वर जाऊ पाहत होता आणि जाता येत नव्हतं.

आत्या वड्यांचं ताट हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांनी काकांच्या मानेकडे पाहिलं. पिकलेल्या केसांकडे पाहिलं. मग ताट खाली ठेवलं आणि दुसरं भांडं उचललं.

"कारलें वाढूं?"

"नको, नको. कारलं मला—"

"चालत नाही."

"नाही," काका ओशाळून म्हणाले.

"मागल्या जिन्याने वर गेलांत?"

"हो. हाका ऐकू आल्या म्हणून."

आत्या माझ्याकडे वळल्या. मी पानाकडे पाहत होते, तरी कळलं.

"विद्ये, तूं एकही अक्षर खोटें बोलली नाहीस."

"नाही, आत्या."

"तें मी विचारत नाही. सांगते आहे."

त्यांनी कारल्याचं भांडं बाजूला सारलं, पदर सावरला, भिंतीला हात टेकला आणि फार कष्टाने खाली वाकून काकांना नमस्कार केला. काका दचकून अर्धे उठले. त्यांच्या भांड्यातलं पाणी सांडलं.

"अहो आत्याबाई, हे काय? मी लहान आहे तुमच्याहून."

"आज नाही," आत्या म्हणाल्या.

उठायला त्यांना व्यंकटचा हात लागला. खुर्चीत बसून त्यांनी दम घेतला. कोणी जेवत नव्हतं. शेवटी अम्मांनीच विचारलं, आणि विचारताना बोटाचा दोरा सोडला नाही.

"वन्सं, मग टोपली?"

"टोपलींत मी तुझे सांडगे नेते," आत्या म्हणाल्या. "हें मांजर नको मज. तंजावरास कावळे पुष्कळ आहेत. हें नेलं तर तेही पळतील, आणि तेथें तर आमच्याजवळ असा बिऱ्हाडकरूही नाही." मग त्या काकांकडे वळून, अगदी मोठ्या माणसाशी बोलावं तशा, म्हणाल्या, "ताक घ्या थोडं. दादाही शेवटीं ताकच मागायचा."

काकांनी ताक घेतलं. अम्मांनी बोटाचा दोरा सोडवला, भाताचा पहिला घास कालवला आणि वर पाहून काहीतरी बोलल्या. काय ते ऐकू आलं नाही, कारण ते आमच्यासाठी नव्हतं.

काकांनी हात धुतले, पुसले, चपला घातल्या आणि दारात घुटमळले.

"हे दर वर्षी असतं का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

उत्तर आतून आत्यांनी दिलं. "तिथीला असतं. हाक ऐकूं आली की यावें."